ग्रँडब्लू फँटसी: एकच एलिमेंट धरू की सहाही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे ग्रँडब्लू फँटसी खेळणारं कुणी आहे का? सायगेम्सचा, जपानमध्ये २०१४ पासून चालू असलेला आरपीजी, थेट ब्राउझरमध्ये चालतो तो. चार महिने खेळतोय, रँक ८० च्या पुढे गेलोय आणि आता गाडी रुतलीय.

आवडतं खूप. डाउनलोड नाही, क्रोममध्ये टॅब उघडला की झालं. माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर दुसरा एकही गेम धड चालत नाही, हा चालतो. मुळात मोबाइलसाठी केलेला असल्यामुळे पडद्याच्या एका कडेला अरुंद पट्टीत बसतो, शेजारी एक्सेल उघडं ठेवता येतं (साहेबांनी हे वाचू नये). संगीत नोबुओ उएमात्सू आणि त्सुतोमु नारिता यांचं, चित्रांमागे हिदेओ मिनाबा, त्यामुळे जुन्या फायनल फँटसीची चव लागते. बोलणं जपानीत, मजकूर इंग्रजीत करता येतो. सुरुवातीलाच नायक मरतो आणि लिरिया ही मुलगी आपला जीव त्याच्याशी वाटून घेते, तिथेच मी अडकलो.

आता दुखणं. इथे पात्रांपेक्षा शस्त्रांना भाव. दहा शस्त्रांची ग्रिड (संघासोबत लावायचा संच) आणि एलिमेंट (वारा, आग, पाणी अशी तत्त्वं) सहा, प्रत्येकाची ग्रिड वेगळी. एक एसएसआर (सर्वांत दुर्मीळ दर्जाचं) शस्त्र तीन स्टारपर्यंत न्यायचं तर त्याच्याच आणखी तीन प्रती त्यात खपवायच्या, म्हणजे एकामागे चार. वारा एलिमेंटच्या तियामात या बलाढ्य शत्रूच्या बंदुका जमवतोय, तीन आठवड्यांत दोन पुऱ्या झाल्या. रेड (अनेकांनी मिळून अशा शत्रूशी लढाई) लावा, हल्ला दाबा, पान रिफ्रेश करा, परत हल्ला. हिशोब सर्व्हरवरच होतो, म्हणून रिफ्रेश केलं की अ‍ॅनिमेशन टळतं. खेळतोय की हमाली करतोय, कळेनासं झालंय.

त्यात गाढवपणा केला. दमास्कसची वीट मिळाली होती, जिने कुठलंही एसएसआर शस्त्र एक पायरी चढतं. ती मी तियामातच्याच बंदुकीवर घालवली, जी रेडमध्ये फुकट पडते!

सध्या ग्रिडमध्ये चार तियामातची शस्त्रं, बाकी जागी गाचातून (सोडतीतून) आलेली एसएसआर. समन (शस्त्रांना जोर देणारी साथ) तियामात ओमेगा. गाचासाठी लागणारे क्रिस्टल ४१,००० साठलेत. पैसे घालायचे नाहीत. वारा एवढंच धरून बसू की सगळे एलिमेंट थोडे थोडे वाढवू? आणि क्रिस्टल आता उडवू का?

प्रतिसाद १:
घोळ ग्रिडमध्येच आहे. तियामात ओमेगा फक्त ओमेगा कौशल्य असलेल्या, म्हणजे तुमच्या त्या रेडमधल्यासारख्या, शस्त्रांना जोर देतं. गाचातल्या त्या एसएसआरना त्याचा काडीचा उपयोग नाही, दिसायला कितीही झकास असोत. ती काढा, अर्धीमुर्धी का होईना ओमेगा शस्त्रंच भरा. सपोर्ट समनही (दुसऱ्या खेळाडूकडून उसना घेतात तो) तियामात ओमेगाच घ्या, म्हणजे जोर दोन्हीकडून मिळेल. आधी वारा पुरा करा. सहा दगडांवर पाय ठेवलात तर पडाल.

प्रतिसाद २:
क्रिस्टलना हात लावू नका. गाचाचा एक ड्रॉ ३०० क्रिस्टलचा, ३०० ड्रॉ झाले की हवं ते पात्र निवडता येतं, म्हणजे ९०,००० लागतात. मधेच थांबलात तर ती मोजणी पुढच्या बॅनरला (सोडतीच्या पुढच्या फेरीला) जात नाही. ड्रॉ काढाल तेव्हाही एसएसआरचा दर ३ टक्क्यांवरून ६ वर जातो, त्या दिवसांतच काढा. मार्चच्या वर्धापनदिनाला आणि वर्षअखेरीला फुकट ड्रॉ असतात, तेवढ्यावर भूक भागवा. ही ३०० ची सोयसुद्धा २०१६ मधली. त्या वर्षी नववर्षाला अँचिरा या एका पात्रासाठी लोकांनी लाखो येन ओतले आणि बोंबाबोंब झाली, तेव्हा कुठे आली. गाचा हा या गेमचा खरा डाग आहे, कथा कितीही गोड असली तरी.

विटेचं वाईट वाटून घेऊ नका, आम्ही सगळ्यांनी ती कशावर तरी घालवलीय.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. काल रात्री गाचातली शस्त्रं काढून ओमेगाची एक-दोन स्टारची भंगार भरली, तरी हल्ल्याचा आकडा वाढला! आता एकच. क्रूमध्ये (खेळाडूंच्या गटात) शिरावं म्हणतोय, पण गिल्ड वॉरच्या (क्रूंमधल्या स्पर्धेच्या) फेऱ्या जपानी वेळेने सकाळी ७ ला सुरू होतात, म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. त्या वेळी कुणालाही न उठवणारं एखादं निवांत क्रू माहीत आहे का?