७ किमीनंतर मन कच खातं. लांब धावून खरंच आत्मविश्वास वाढतो का?

नवी_धावपटू
नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या. वय ३७. वर्षभरापूर्वी सुरुवात केली, १ मिनिट धावायचं २ मिनिटं चालायचं असं करत करत आता ५ किमी न थांबता आरामात होतात. चार महिन्यांनी हाफ मॅरेथॉन (२१ किमी) आहे, त्याला नाव नोंदवलंय. अडचण अशी की साधारण ७ किमी झाले की डोक्यात सुरू होतं, "तुला नाही जमणार, थांब आता", आणि मी थांबते. थांबल्यावर दोन मिनिटांत श्वास नॉर्मल, पाय पण ठणठणीत, म्हणजे शरीर थकलेलं नव्हतंच ना? घरी येईपर्यंत स्वतःचाच इतका राग येतो.

आता खरं कारण सांगते. मी वजनासाठी धावत नाही. दोन वर्षांपूर्वी कामावरची एक मोठी जबाबदारी माझ्याकडून काढून घेतली, आणि तेव्हापासून मीटिंगमध्ये तोंड उघडायच्या आधीच वाटतं की आपलं चुकणार. कुणीतरी म्हणालं लांब पल्ल्याचं धाव, मन खंबीर होतं. खरंच होतं का, की ते फक्त धावण्यापुरतंच राहतं? आणि ७ किमीच्या त्या आवाजाचं काय करू?

संथगती
ताई, आधी एक विचारतो, धावताना तुम्हाला पूर्ण वाक्य बोलता येतं का? मधे दम न खाता? येत नसेल तर तुमचा पेस, म्हणजे वेग जास्त आहे, एवढंच. नवीन माणसं जवळजवळ सगळीच इझी रन म्हणून जो पळतात तो इझी नसतो, मीपण पहिली दोन वर्षं तेच केलं. इतका हळू पळा की लाज वाटेल, निम्मा आवाज तिथेच बंद होईल.

दुसरं म्हणजे फुल मॅरेथॉनमध्ये ३०-३२ किमीला ताकद एकदम संपल्यासारखी वाटते, जिला 'वॉल' म्हणतात, ती अंगात साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) संपत आल्यामुळे येते, ७ किमीला टाकी रिकामी व्हायचा प्रश्नच नाही. मग थांबावंसं का वाटतं? २००९ साली एक प्रयोग झाला होता, त्यात लोकांना आधी ९० मिनिटं डोक्याला ताण देणारं काम दिलं आणि मग दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. ज्यांचं डोकं थकलेलं होतं त्यांनी साधारण १५ टक्के लवकर हार मानली, आणि गंमत म्हणजे हृदयाचे ठोके, रक्तातलं लॅक्टेट (जोराच्या व्यायामात वाढणारा घटक) यात काही खास फरक नव्हता, त्यांना फक्त तेच काम जास्त जड वाटत होतं. म्हणून विचारतो, तुम्ही संध्याकाळी कामावरून आल्यावर लाँग रन करता का? करत असाल तर ती सुट्टीच्या सकाळी करून बघा.

आणि आवाजाबद्दल. तो "तुला नाही जमणार" म्हणतो ना, 'तुला'. मग उत्तरही तसंच द्यायचं, "तू चांगली पळतेयस, त्या वळणापर्यंत चल". हे माझ्या मनचं नाही, २०१४ च्या एका अभ्यासात २४ जणांपैकी निम्म्यांना दोन आठवडे स्वतःशी काय बोलायचं ते शिकवलं, ते सायकलवर आधीपेक्षा १८ टक्के जास्त वेळ टिकले. पण वाक्य आधी ठरवून ठेवायला लागतं, दम लागल्यावर सुचत नाही. माझं एकच आहे, "खांदे सोड." पहिल्या फुल मॅरेथॉनला ३४ व्या किमीला सगळं अंग दगड झालं होतं, समोरच्या माणसाच्या बुटाची एक लेस सुटून टप टप वाजत होती, मी फक्त ती लेस बघत आणि खांदे सोड, खांदे सोड म्हणत जवळजवळ २ किमी काढले. पुढचे ६ कसे गेले ते आठवत पण नाही, लेस मात्र अजून डोळ्यासमोर आहे.

कटऑफवाली
मला तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहायचंय, म्हणजे ते बाहेरच्या आयुष्यात उतरतं का.

माझी पहिली फुल पूर्ण झाली नाही. २९ किमीच्या कटऑफला (तिथे पोचायची ठरलेली शेवटची वेळ) ६ मिनिटं उशीर झाला आणि मागून येणाऱ्या बसमध्ये बसवलं. बिब (नंबराचा कागद) छातीवर तसाच, पिना टोचत होत्या पण काढायला हात होईना, खिडकीतून लोक पळताना दिसत होते आणि मी रडत होते. चार महिने रोज पहाटे उठून काय मिळवलं असं वाटलं. नंतरचे दहा दिवस बुटांना हात लावला नाही. अकराव्या दिवशी, मंगळवार होता, ४ किमी पळाले, एकदम हळू, कुणाला न सांगता. आज मागे वळून बघितलं तर माझी उभारी त्या ४ किमीपासून सुरू झाली. मेडल पुढच्या वर्षी मिळालं, छान वाटलं, पण मेडलने मला बदललं असं मी नाही म्हणणार.

बंडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्येच मांडलं होतं की आपल्याला जमेल हा विश्वास सगळ्यात पक्का कशाने होतो, तर स्वतः करून बघितलेल्या गोष्टीने. कुणी पाठ थोपटली त्यापेक्षा जास्त. आणि धावणं या बाबतीत फार प्रामाणिक आहे, १० किमी झाले म्हणजे झाले, त्यात कुणाचं मत लागत नाही, कुणी ते काढूनही घेऊ शकत नाही. तुमच्याकडून जबाबदारी काढून घेतली म्हणालात म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

केनियाचा धावपटू एलिउड किपचोगेचंच बघा ना, २०१२ च्या ऑलिंपिकला देशाच्या ट्रॅक टीममध्ये त्याची निवडच झाली नाही. २०१३ मध्ये तो मॅरेथॉनकडे वळला आणि २०१६, २०२० ची दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं त्यानंतरची आहेत.

फिजिओ_मैत्रीण
सगळ्यांचं पटतंय पण एक गोष्ट राहून जातेय. मन घट्ट करायचं म्हणून सगळ्याच दुखण्याकडे दुर्लक्ष करायचं नाही हं. दोन्ही पाय सारखे जड झालेत, कंटाळा आलाय, हा थकवा, याच्याशी बोलत पुढे जाता येतं. एकाच जागी टोचतंय, पाऊल टाकताना चाल बदलतेय, छातीत दुखतंय, गरगरतंय, तिथे थांबायचं, आणि ते थांबणं म्हणजे कच खाणं नाही. हा फरक ओळखायला शिकणं हेच मला तर अर्धं मनोबल वाटतं. माझ्याकडे नडगी धरून येणारे बरेचसे असेच, दुखत असताना तीन आठवडे "मनाचा खेळ आहे" म्हणत पळालेले. लाँग रन एकदम वाढवू नका, एक-दीड किमीने वाढवा आणि तीन चार आठवड्यांनी एक आठवडा कमी करा. आणि ताई, झोप उडालीये, कशातच मन लागत नाही असं काही असेल तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला, धावणं त्याच्या जोडीला ठेवा, त्याच्या जागी नको.

रविवारी_२०
मी थोडा वेगळा सूर लावतो. सहा वर्षं पळतोय, १२ हाफ झाल्या, पण चार लोकांसमोर बोलायची भीती धावून आपोआप गेली नाही. ती गेली बोलूनच. धावण्याचा उपयोग एवढा झाला की छातीत धडधड, घाम, घसा कोरडा हे सगळं मला ओळखीचं झालं, चढावर रोज तेच होतं आणि पाच मिनिटांत बसतं. मग मीटिंगमध्ये धडधडलं तरी मी घाबरून गप्प बसलो नाही, बोलत राहिलो. म्हणून धावा, पण दर आठवड्याला मीटिंगमध्ये एक तरी वाक्य बोलायचं हेपण लाँग रनसारखं वेळापत्रकात टाका.

नवी_धावपटू
तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी. तुम्हा सगळ्यांचं इतक्यांदा वाचलं की पाठ झालंय.

हो, मी संध्याकाळीच पळत होते, कामावरून थेट. आता लाँग रन रविवारी सकाळी. पेस किलोमीटरला जवळजवळ दीड मिनिटाने कमी केला, पहिल्यांदा वॉकवाले पुढे गेले तेव्हा वाईट वाटलं, मग सवय झाली. काल ७ किमीला आवाज आलाच, वेळेवर. माझं वाक्य ठरलंय, "तू फक्त पुढच्या खांबापर्यंत चल." खांब आला, पुढचा आला, मग मोजायचं विसरले. घड्याळ बघितलं तर ९.४. पाय दुखत होते पण दोन्ही सारखे, फिजिओताई, तपासून बघितलं. ९.५ ला मुद्दाम थांबले कारण प्लॅनमध्ये तेवढंच होतं.

मीटिंगमध्ये गुरुवारी एक वाक्य बोलले. आवाज कापला. पण वाक्य पूर्ण केलं. पुढच्या रविवारी ११ आहेत.