लांबची सायकल मोहीम आणि दुसऱ्या दिवशी पाडव्याची शोभायात्रा : काय काय सांभाळायचं?

घाटवाट
आज संध्याकाळी मैदानाकडून ढोलांचा सराव कानावर आला आणि नाशिक ते डोंबिवली अशा पाडव्याच्या सायकलफेऱ्या आठवल्या. नवे गट असे बेत आखताना दिसतात, म्हणून माहिती एका जागी असावी. तुम्हीही भर घाला.

इगतपुरी, कसारा, शहापूर, पडघा, कल्याण या मार्गाने साधारण १४५ किमी. ते सगळे नीट तयारीने करतात. अडतं ते दुसऱ्या दिवशी डोंबिवलीत निघणाऱ्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेच्या तीन-चार किलोमीटरला. यात्रेचा वेग ताशी दोन-अडीच किमी आणि सायकल ताशी सहा-सातच्या खाली डगमगायला लागते. म्हणजे बहुतेक वेळ सायकल हातात धरून चालायचं आहे, हे धरूनच कपडे, चपला, ओळी सगळं ठरवा.

आदल्या दिवशी पहाटे पाचला निघा, कसारा घाट साडेनऊच्या आत उतरा. घाटावर ऊन कोरडं असतं, घाम लगेच वाळतो. शहापूरच्या पुढे हवा दमट, घाम अंगावरच राहतो आणि त्याच वेगाला धाप लागते. तिथे वेग उतरवायचा, गटाला ताणायचं नाही. पाडव्याच्याच पहाटे निघून परस्पर यात्रेत शिरायचा विचार कृपया करू नका. यात्रा सकाळी साडेसहा-सातला उभी राहते. त्याआधी झोप हवी, चेन पुसलेली हवी.

स्पोक
चेनचं मी सांगतो. हातात धरून चालवताना चेन पुढच्या मोठ्या चेनव्हीलवर (पेडलजवळच्या दातेरी चाकावर) ठेवा. दात चेनखाली झाकले जातात. लहान चेनव्हीलवर असेल तर मोठ्याचे दात उघडे राहतात आणि धोतर, साडीचा काठ, मागून येणाऱ्या पोराची पोटरी, जे सापडेल ते फाडतात. आणि चालायचं कायम सायकलच्या डाव्या बाजूने. चेन उजवीकडे असते.

कल्याणकर
@स्पोक पण डोंबिवली पश्चिमेकडून पूर्वेला जाताना रेल्वेवरचा पूल आहे, तिथे यात्रा पुढे सरकली की लोक पटकन सायकलवर बसतात. मोठ्या चेनव्हीलवर चढ कसा चढणार?

स्पोक
चढायचाच नाही दादा. पुलावरही चालतच. बसायची वेळ आलीच तर मागचं मधलं दातेरी चाक आधीच लावून ठेवा. मोठं-मोठं लावलंत तर चेन ताणली जाते, डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) ओढला जातो. उभ्या सायकलवर गिअर बदलायचा नाही, चेन उतरते. मग तेलाचे हात आणि पांढरा झब्बा.

निंबोणी
फेट्याचं गणित करा गं आधी!! एक फेटा बांधायला सराईत माणसाला अडीच-तीन मिनिटं. चाळीस जण म्हणजे दोन तास. एकच बांधणारा असेल तर पहाटे साडेचारला सुरू करावं लागतं. दोघं-तिघं हवेत, नाहीतर तयार फेटे घ्या. फेट्यावर हेल्मेट बसत नाही आणि हेल्मेटवर फेटा बांधायचा नसतो. मुक्कामापासून यात्रेच्या सुरुवातीपर्यंत हेल्मेट, तिथे उतरल्यावर फेटा. हेल्मेटं टेम्पोत जातील, आतून नावाची चिठ्ठी चिकटवा.

अवनी२३
नऊवारीत सायकल चालवायची असेल तर? शिवलेली चालेल ना?

निंबोणी
चालेल गं. शिवलेलीच बरी. काष्टा आड येत नाही, पुढच्या निऱ्या आड येतात. उजव्या पायाला घोट्याच्या वर रुंद इलॅस्टिकचा पट्टा लाव, निऱ्या कमरेला दोन सेफ्टी पिनांनी आडव्या टाचून घे. पदर खांद्यावर टाचून टोक कमरेत खोचायचं, मोकळा नको. मागचं चाक पदर कधी ओढून घेतं ते कळत नाही. आणि सायकल चेनकव्हर असलेली, तिरक्या दांड्याची घे. सरळ दांड्यावरून नऊवारीत पाय टाकता येत नाही.

चाकोरी
झेंड्याचं कोणीच लिहिलं नाही. बांबू नको, जड पडतो आणि वारा लागला की सायकल एका बाजूला झुकते. अर्ध्या इंचाचा हलका पीव्हीसी पाइप घ्या, सीटखालच्या उभ्या नळीला एक आणि मागच्या एक्सलजवळ एक असे दोन ठिकाणी केबल टायने आवळा. एकाच ठिकाणी बांधला की फिरतो आणि शेजाऱ्याच्या डोळ्यापाशी येतो. टायची उरलेली टोकं कापून टाका, पोटरीला ओरखडे काढतात. कापड साधारण दीड फूट बाय दोन फूट. लोंबलं तरी त्याचं टोक चाकाच्या वरच राहिलं पाहिजे, हे निघायच्या आधी हाताने खाली ओढून बघा. टोक जमिनीपासून सहा-साडेसहा फुटांच्या वर नको. तोरणं, पताका, वायरी, मंडप सगळं त्या उंचीला सुरू होतं.

आणि सायकलवर गुढी उभारायचा मोह आवरा. वर तांब्या, खाली काठी, म्हणजे सगळं वजन टोकाला. गुढी टेम्पोवर उभी करा, चांगली बांधा, मान तिचाच आहे. साखरगाठी मात्र निघताना बांधा. दमट हवेत ती चिकट होते, मुंग्या येतात.

ढोलवाला
पथकाकडून एक विनंती. सायकलवाल्यांनी ढोल-ताशाच्या लगेच मागे उभं राहू नये. आम्ही चौकात थांबतो, गोल करतो, मागे सरतो. मागे हँडलं असली की आमच्या पोरांना सरकायला जागा उरत नाही. किमान पंधरा-वीस मीटर सोडा, स्वयंसेवक आधीच सांगतील. ढोल सुरू असताना "थांबा" असं ओरडलेलं दोन हातांवरही ऐकू येत नाही, शिट्टीही नाही. हाताच्या खुणा ठरवा. पहिल्या माणसाने हात वर, तळवा मागे, आणि प्रत्येकाने ती खूण मागे द्यायची.

घाटवाट
ढोलवाले दादा, अगदी बरोबर. ओळी दोनाच्याच ठेवा, चाराच्या नको. दोन ओळींत एका सायकलएवढी मोकळी जागा. लहान मुलं नेमकी मधूनच पळतात. गटाच्या पुढे फलकवाले दोघं पायी, मागे एक जण सायकल न घेता फक्त मोजणी करायला. घोडे, बैलगाडी यांच्या मागे-पुढे तर अजिबात नको. बेलने जनावर बिचकतं.

कल्याणकर
नोंदणी कधी करायची? डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानाकडे ना?

घाटवाट
हो, ही स्वागतयात्रा त्यांनीच सुरू केली. ठाण्यात कौपीनेश्वरचा न्यास, गिरगावात स्वामी विवेकानंद युवा प्रतिष्ठान, तिथली यात्रा फडकेवाडीच्या गणेश मंदिरापासून निघते. महिनाभर आधी जाऊन भेटा. सायकली किती, सोबत टेम्पो आहे का, टेम्पो यात्रेत येणार की बाहेर थांबणार, हे तिघंही हमखास विचारतात. भागशाळा मैदानावर जमायचं तर सायकली उभ्या करायची जागा आधी बघून ठेवा. बऱ्याच सायकलींना स्टँड नसतं, त्या एकमेकींना टेकवल्या की एक पडली की सगळी रांग पडते आणि डिरेलर ज्यावर बसवलेला असतो तो हँगर वाकतो. दोन खांबांना दोरी बांधून सीट त्यावर अडकवा.

पायवाट
आमच्याकडे यंदा चक्का कुठून आणायचा यावर घरात चर्चा चालू आहे, शोभायात्रा दूरच :) वाचतेय सगळं.

निंबोणी
@पायवाट चक्का घरीच टांग. रात्रभर पुरतो. पण फडक्यात दही फार आंबट नको.

स्पोक
रांगोळीवरून सायकल नेऊ नका, हे सांगायला नको, पण गर्दीत होतं. मोठी रांगोळी दिसली की सायकल उचलून कडेने न्या. इतकी मेहनत असते त्यात, पोरी पहाटेपासून वाकून काढत असतात. आणि सायकलचंही नुकसान आहे. रांगोळीची पूड तेलकट चेनवर बसली की पॉलिश पेपरचं काम करते. म्हणून आदल्या रात्री चेन रॉकेलने धुवून सुकवा, प्रत्येक कडीच्या आतल्या बाजूला एकच थेंब तेल आणि दहा मिनिटांनी सगळं बाहेरून पुसून काढा. बोट लावलं तर काळं व्हायला नको. डिस्क ब्रेक असेल तर तिकडे स्प्रे अजिबात नेऊ नका, पॅडला तेल लागलं की ते बदलायलाच लागतात. झेंडूच्या पाकळ्या डिरेलरच्या लहान चाकांत अडकतात, थांबलात की काडीने काढा.

तळपाय
क्लीटचे बूट, म्हणजे तळव्याला पेडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले!! तीन स्क्रूच्या क्लीटवर तीन तास उभं राहायचं नाही. ओल्या पाकळ्यांवर, रांगोळीवर पाय सटकतो, शिवाय टाच खाली राहून पोटऱ्या ताणतात. साधे कॅनव्हासचे बूट टेम्पोत टाका. दोन स्क्रूचे आत बसणारे क्लीट त्या मानाने ठीक.

अजून एक. आदल्या दिवशी आठ-नऊ तास सायकलवर वाकून बसलेला माणूस सकाळी उभा राहिला की मांडीच्या पुढचा भाग आणि कंबर आखडलेली असते. यात्रेआधी पाच मिनिटं लंज (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकायचा व्यायाम) करा. थांबल्यावर नुसतं ताठ उभं राहू नका, टाचा वर-खाली करत राहा. पोटऱ्या हलल्या नाहीत की रक्त पायात साचतं आणि उन्हात चक्कर येते. कोणी पांढरा पडला तर लगेच सावलीत आडवा, पाय उंच.

अवनी२३
पाणी किती ठेवावं? आणि नुसतं पाणी पुरेल का?

तळपाय
यात्रेपुरतं माणशी दीड लिटर. त्यातलं एक लिटर मीठ-साखरेचं: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे सपाटच. मीठ जास्त झालं तर उलट त्रास होतो. रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून. बाटली फ्रेमवर नको, गर्दीत पडते. पाठीवर लहान पिशवी.

चाकोरी
विषय थोडा वेगळा, पण पंढरपूरची सायकलवारी करणाऱ्यांसाठी: पुण्याहून भिगवण, इंदापूर, टेंभुर्णीमार्गे साधारण २१० किमी. जूनमध्ये वारा पश्चिमेचा, जाताना पाठीत असतो म्हणून सगळे खूश असतात आणि परतीला तोच छातीवर. परत सायकलनेच यायचं असेल तर वेळ दीडपट धरा. गावात नगरप्रदक्षिणेला हेच नियम, मोठ्या चेनव्हीलवर चेन, डाव्या बाजूने चालायचं.

अवनी२३
@निंबोणी पट्टा किती रुंद? दोन इंच?

निंबोणी
दीड पुरे. दोन इंची घोट्यात गुंडाळतो. वेल्क्रो शिवून घे, पिन नको.