बायपासपलीकडे घर बांधताय? पाइल की साधा पाया

ओटीवाला: "इंदुरात दुमजली घराला पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, ही ठेकेदाराची धन. पाच फूट खणा, फुटिंगचा साधा पाया टाका, सुखाने राहा." कालची ही पोस्ट वाचून राहवलं नाही. तुम्हाला पाच फुटांवर मुरूम लागला असेल हो! आमच्या प्लॉटवर दहा फूट नुसती काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. याच मातीसाठी रुडकीच्या सीबीआरआय या इमारत-संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइल रूढ केली. साडेतीन मीटर तरी खोल, खाली पाइलच्या दांड्याच्या अडीचपट रुंद फुगवटा, म्हणजे बल्ब. वरची माती फुगली तरी पाया उपटत नाही.

मुरूमवाला: पोस्ट माझीच. आजोबांचा रामबागेतला वाडा कुठल्या पाइलवर होता?

ओटीवाला: चुना नि लाकडी चौकट, थोडं हललं तरी सांभाळून घेतं. तुमच्या सिमेंटच्या भिंती घेतील?

सुदामानगरची ताई: पाइल राहू द्या, शेजाऱ्यांचं लॉन आवरा. भिंतीला खेटून रोज पाइप सोडतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीय. पुट्टी भरली की पावसाळ्यानंतर पुन्हा तिथेच.

मुरूमवाला: लॉनवर खापर कशाला? नळ गळत असेल.

ताई: प्लंबर आणून बघितला. तुम्हीच तर शेजारी नाही ना?

कडुनिंब: झाड तोडलंत का कुणी? मुळं पाणी ओढायची थांबली की माती ओली होऊन फुगते.

ताई: झाड आहे तिथेच आहे. त्याला हात लावायचं नावही काढू नका!

साइटवर रोज: लॉन पुरे. खरा घोळ बल्बचा. बल्ब खणायचं अवजार, म्हणजे अंडर-रीमर, दाबत फिरवला की पाती उघडतात, माती बादलीत पडते. वर काढा, रिकामी करा, पुन्हा सोडा. पाती पूर्ण उघडेपर्यंत हेच. मजूर कंटाळतात, चार फेऱ्यांत काँक्रीट ओततात. मालक घरी. वर प्लिंथ बीम, म्हणजे भिंती पेलणारी आडवी तुळई, थेट मातीवर! काळ्या मातीत खाली ८० मिलिमीटर पोकळी हवी, नाहीतर माती बीमच उचलते.

मुरूमवाला: म्हणजे पैसे पाइलचे आणि काम रामभरोसे. हेच म्हणत होतो.

ओटीवाला: तुम्ही "पाच फूट" म्हणत होतात.

मुरूमवाला: बरं, शहाणे तुम्ही. काळी माती खोल असेल तर घाला पाइल. पण मुरूम वरच लागला तर पाइलवर कशाला उधळता? आधी माती तपासा. तेवढ्यालाही लोक कुरकुरतात, मॉड्युलर किचनला नाही.

साइटवर रोज: ताई, भिंतीभोवती बाहेर उतार देऊन फरशी घाला, पाणी पायाशी मुरणार नाही.

ताई: घालते. पण ती बाजू त्यांच्या हद्दीत आहे, सांगा आता.