लंडनमधून पुकारलेला डच रेल्वेसंप योग्य होता का?

चर्चाप्रस्ताव

नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर लंडनला आश्रय घेतलेल्या डच सरकारने २८ जुलै १९४० पासून बीबीसीवरून ‘रेडिओ ओरान्ये’ हा कार्यक्रम सुरू केला. १७ सप्टेंबर १९४४ रोजी त्यावरून रेल्वे कर्मचाऱ्यांना संपाचा आदेश गेला, सुमारे ३०,००० कर्मचारी भूमिगत झाले आणि चिडलेल्या जर्मनांनी पश्चिमेकडील शहरांची अन्नवाहतूक बंद केली. त्या हिवाळ्यात सुमारे २०,००० माणसे भुकेने दगावली. ज्यांना स्वतःला उपाशी राहावे लागणार नव्हते, त्यांनी हा आदेश द्यायला नको होता, असे माझे मत आहे. त्यांचा अंदाज किती कच्चा होता, हे दोन आठवड्यांपूर्वीच दिसले होते: ४ सप्टेंबरला पंतप्रधान खेरब्रांडी यांनी ब्रेडा हे डच शहर मुक्त झाल्याचे रेडिओवर सांगून टाकले, लोक स्वागतासाठी रस्त्यावर आले, आणि ब्रेडा प्रत्यक्षात मुक्त झाले ते ऑक्टोबरच्या अखेरीस.

प्रतिसाद १

ब्रेडाची चूक मान्य. परंतु दुष्काळाचे सारे खापर रेडिओवर फोडणे अन्यायाचे आहे. अन्नबंदी जर्मनांनी घातली, नोव्हेंबरात जलवाहतुकीपुरती ती त्यांनीच सैल केली, आणि पुढे कालवे गोठले. संपाचा हेतूही आर्नेम या डच शहराकडे निघालेल्या दोस्त सैन्याला मदत करणे हा होता. १९४३ मध्ये रेडिओसंच जप्त झाल्यानंतरही जे लोक संच लपवून, शिक्षेची जोखीम पत्करून ऐकत होते, ते लंडनच्या सरकारला परके मानत नव्हते.

प्रतिसाद २

मला खटकते ते वेगळेच. जुलै १९४२ पासून याच रेल्वेने वेस्टरबोर्कच्या छावणीतून सुमारे एक लाख ज्यूंना पूर्वेकडील नाझी छावण्यांत नेले, तेव्हा कोणी संप पुकारला नाही. वेस्टरबोर्कहून शेवटची गाडी १३ सप्टेंबर १९४४ रोजी सुटली, म्हणजे संपाच्या अवघे चार दिवस आधी. माझा आक्षेप आदेशाला नाही, त्याआधीच्या दोन वर्षांना आहे.

चर्चाप्रस्तावक

या मुद्द्यापुढे माझा आक्षेप लहान ठरतो, हे कबूल करतो. तरीही आर्नेमची मोहीम सप्टेंबरातच फसली असताना संप मे १९४५ पर्यंत चालू का ठेवला, याचे उत्तर प्रतिसाद १ मध्ये मिळत नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)

संप मागे घेतला असता, तर लपलेल्या हजारो माणसांना अटकेच्या तोंडी देऊन जर्मन सैन्याच्याच गाड्या पुन्हा चालवायला लावावे लागले असते. हा आदेश देणे सोपे होते, परत घेणे नव्हते. आणि एवढ्यापुरता तुमचा मुद्दा मला पटतो.