काजव्यांच्या फोटोखाली किती फ्रेम जोडल्यात ते लिहा, झाड कुठलं ते लिहू नका. पटतंय का?

रानवाट
मे संपत आला की दरवर्षी तेच. भंडारदऱ्याकडचे काजव्यांचे फोटो फिरायला लागतात, अख्खं रान हिरवंपिवळं पेटलेलं, खाली लोकेशनची पिन, आणि फोटो काढला कसा याबद्दल एक अक्षर नाही. माझं म्हणणं बरोब्बर उलटं आहे. असा फोटो म्हणजे ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून २०-३० सेकंदांच्या पन्नासेक फ्रेम घ्यायच्या आणि मग एकावर एक चढवायच्या, म्हणजे साधारण वीसेक मिनिटांत जेवढे काजवे चमकले ते सगळे एकदम दिसतात. डोळ्याला तसं कधीच दिसत नाही. मुंबई-पुण्याचा माणूस ते बघून येतो, अंधारात लुकलुक दिसते पण फोटोतलं काही दिसेना, म्हणून अजून आत शिरतो, टॉर्च मारतो, फ्लॅश मारतो. काजव्याचा उजेड ही नर-मादीची एकमेकांना खूण असते हो, आणि पूर्ण वाढ झालेला काजवा जगतो जेमतेम काही आठवडे. तेवढ्यात जोडी जमली नाही तर पुढच्या वर्षी काय बघणार? म्हणून फ्रेम किती ते लिहा. झाड, गाव काही लिहू नका.

लेन्सवाला
सहमत नाही. भंडारदऱ्याजवळच्या रंधा धबधब्याचे पाणी गुळगुळीत केलेले फोटो आपण सगळे टाकतो, त्याखाली कुणी शटर किती वेळ उघडं ठेवलं ते लिहितं का? आकाशगंगेचा फोटोही डोळ्याला दिसतो तसा नसतोच. फोटो म्हणजे पंचनामा नाही.

रानवाट
पण पाणी गुळगुळीत दिसत नाही म्हणून रंध्याला कुणी नदीत उतरत नाही. इथे लोक रानात घुसतात, फरक तिथे आहे.

अकोले_तालुका
मी इकडचाच. फ्रेमचं तुम्ही बोललात ते शंभर टक्के बरोबर, लोक येऊन आम्हालाच विचारतात की फोटोतले काजवे कुठंयत, दाखवा. पण गावाचं नाव नको म्हणता ते नाही पटत. पाऊस पडायच्या आधी आमच्याकडं शेतात काम नसतं, त्या दिवसांत जेवण, तंबू, वाटाड्या यातून चार पैसे मिळतात. पुरुषवाडीत तर पर्यटन गावच चालवतं. जो गावात मुक्काम करतो तो त्रास देत नाही कारण गावचा पोरगा सोबत असतो, तो आधी टॉर्च बंद करायला लावतो आणि पायवाट सोडू देत नाही. त्रास देतो तो रात्री येऊन रात्रीच परत जाणारा, रस्त्यावर गाड्यांची रांग, हेडलाईट चालू, गाणी चालू. नाव लपवलं तरी हा माणूस यायचा राहणार नाही, फक्त गावाला न विचारता येईल. म्हणून नाव लिहा, आणि मुक्काम करा हे पण लिहा.

यवतेश्वर
साताऱ्याकडून सांगतो. कासचं फुलांचं पठार २०१२ ला पश्चिम घाटासोबत जागतिक वारशात गेलं आणि गर्दी वाढली. मग दिवसाला ३००० माणसं, ऑनलाइन बुकिंग, कुंपण असं सगळं आलं. कुंपणामुळे गुरं चरायची थांबली, गवत माजलं, फुलं कमी झाली अशी ओरड झाली आणि शेवटी ते कुंपण काढावं लागलं. एकदा गर्दी झाल्यावर उपाय शोधायला गेलं की असं होतं. आणि कासला निदान गेट लावता येतं, काजव्यांच्या रानात चहूबाजूंनी वाटा आहेत. गावाचं नाव ठीक, पण पिन नकोच.

सह्यकन्या
सगळे टूरिस्टवर घसरलेत, फोटोग्राफरचं कोण बोलणार? अंधारात फोकस लागावा म्हणून कॅमेरा स्वतःच पुढून दिवा मारतो, तो एएफ असिस्ट मेनूत जाऊन बंद करावा लागतो आणि कितीतरी जण करत नाहीत. मागचा स्क्रीन फुल ब्राइट. त्यात चांगल्या अँगलसाठी झुडपात ट्रायपॉड रोवायचा, जिथे मादी खाली बसलेली असू शकते, काही जातींत तर ती उडतच नाही. संध्याकाळी उजेड असतानाच फोकस लावून मॅन्युअलवर टाका, बॅकग्राउंडची फ्रेम पण तेव्हाच मिळते, नंतर हलायचं नाही. हे जमत नसेल तर सरळ कॅमेरा बॅगेत ठेवा ना.

लेन्सवाला
एएफ असिस्टचा मुद्दा एकदम मान्य, फ्रेम लिहायलाही माझी आता हरकत नाही. पण पिन लपवणं म्हणजे आपण आत आलो की मागून कडी लावायची. ज्याच्या ओळखीत ट्रेकर नाही त्याने बघायचंच नाही का?

रानवाट
बघावं की, अकोलेवाले दादा म्हणतात तसं गावात येऊन. गावाचं नाव लिहायचं त्यांचं मला पटलं, यापुढे तसंच लिहीन. पण झाडाची पिन कुणी मागितली तरी देणार नाही. कडी म्हणत असाल तर काजव्यांच्या दिवसांत रात्रीपुरती ती लावावीच, आणि ती गावाच्या हातात असावी, फोटो टाकणाऱ्याच्या नाही.