प्रति: चूक कोणाची, चालणाऱ्याची की चालवणाऱ्याची?

"माणूस मधेच आडवा आला तर ड्रायव्हर काय करणार" असं वर बऱ्याच जणांनी लिहिलंय, ते मला अर्धं पटतं. ताशी ५० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते, म्हणजे माणूस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच तेवढं अंतर संपतं आणि थांबायला पुढे अजून साधारण तेवढंच लागतं, ओल्या रस्त्यावर तर जास्तच. पायी चालणाऱ्याला वाटतं आपल्याला गाडी दिसली म्हणजे त्यालाही आपण दिसलो, पण रात्री गडद कपड्यात तसं अजिबात नसतं. आणि उभ्या बसच्या पुढून एकदम रस्त्यात येणं तर फारच डेंजर, प्लीज नका करू.

पण म्हणून जबाबदारी फिफ्टी-फिफ्टी हे मान्य नाही. स्पीड दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, आणि स्पीड किती ठेवायचा हे फक्त ड्रायव्हरच्या हातात असतं. लहान मुलं, म्हातारी माणसं यांचा अंदाज चुकणारच, ते धरूनच शाळेजवळ, वस्तीत गाडी हळू हवी. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस दिसत असताना हॉर्न मारत गाडी पुढे काढणाऱ्याला तर काहीच सबब नाही.