सासू-सासरे, दोन मुलं आणि मालदीव : दारू न पिणाऱ्यांनी ऑल इन्क्लुसिव घ्यावं का?

कोथरूडची_सून

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण नीट विचारायचंय. दिवाळीच्या सुट्टीत ४ रात्री मालदीवला जायचं घाटतंय. आम्ही सहा जण, मी, नवरा, मुलगा ८ वर्षांचा, मुलगी ३ची आणि सासू-सासरे. बाबा ७१चे, शुगर आहे, जेवणाआधी इन्सुलिन घेतात. आईंचे गुडघे दुखतात, जिना एकेक पायरी धरून चढतात. त्या माळकरी आहेत, अंडं घातलेला केकसुद्धा चालत नाही, आणि कार्तिकी एकादशीच्या आत घरी यायचंच असं आधीच सांगून ठेवलंय. दोघांनी अजून विमानात पाय ठेवलेला नाही, समुद्र म्हणजे हर्णै आणि गणपतीपुळे. मागच्या महिन्यात बाबा नातवाला ॲटलास उघडून मालदीव दाखवत होते, कन्याकुमारीवरून बोट खाली सरकवत सरकवत, तेव्हाच आम्ही दोघांनी ठरवलं की आता न्यायचंच.

एजंटने दोन कोटेशन दिलीत, एक फुल बोर्ड (नुसतं तिन्ही वेळचं जेवण), एक ऑल इन्क्लुसिव (जेवण आणि दारूसकट सगळी पेयं). दुसरं सहा जणांचं मिळून बरंच जास्त होतंय आणि आमच्याकडे कोणी दारूला शिवत नाही. एजंट म्हणतो तरी घ्याच, नाहीतर तिथे पाण्याच्या बाटलीचेपण पैसे लागतात. शिवाय नवऱ्याला वॉटर व्हिलात, म्हणजे पाण्यात खांबांवर बांधलेल्या घरात राहायचंय आणि सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जायचंय, त्याचं फार दिवसांचं स्वप्न आहे ते. मला पोरीची धाकधूक वाटते. वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनी प्लीज सांगा.

औंधचा_पाणबुड्या

ताई, तीनदा गेलोय, एकदा आई-बाबांसोबत. तुमच्या घरासाठी फुल बोर्ड घ्या. ऑल इन्क्लुसिवमध्ये जे जास्तीचे पैसे असतात त्यातला मोठा भाग दारूचा असतो, तिथे ती सगळी बाहेरून आणावी लागते आणि मुख्यतः रिसॉर्टवरच मिळते म्हणून महाग. पण एजंटचं पाण्याबद्दलचं म्हणणं अगदीच खोटं नाही. काही ठिकाणी फुल बोर्डमध्ये जेवणासोबतचं पाणी, मुलांचा ज्यूस, दुपारचा चहा वेगळा लावतात आणि सहा जणांचे असे चार दिवस म्हणजे बिल फुगतं. म्हणून रिसॉर्टला थेट मेल करून विचारा, पाणी धरलंय का, खोलीत रोज किती बाटल्या ठेवतात, चहा-कॉफी आणि मुलांचं आइस्क्रीम कशात येतं. उत्तर लेखी घ्या.

आणि रेट बघताना पुढे दोन प्लस लिहिलेत का ते बघा. म्हणजे त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स अजून चढायचाय. तिथला टुरिझमचा जीएसटी जुलै २०२५ पासून १७ टक्के झालाय. शिवाय ग्रीन टॅक्स, रिसॉर्टवर माणशी एका रात्रीचे १२ डॉलर, तोही २०२५ पासून दुप्पट झालाय. दोन वर्षांखालच्या बाळाला माफ आहे पण तुमची लेक ३ची, म्हणजे सहा जणांचे ४ रात्रींचे २८८ डॉलर झाले. दोन्ही कोटेशनमध्ये हे सगळं धरलंय का ते आधी विचारा आणि मगच तुलना करा.

पर्वती_पायथा

मला वाटतं तुम्ही ज्यावर डोकं लावताय त्यापेक्षा ट्रान्सफर, म्हणजे विमानतळावरून रिसॉर्टला कसं पोचायचं ते, जास्त महत्त्वाचा आहे. आमचं काय झालं ते सांगते म्हणजे तुमचं तसं होऊ नये.

आम्हीपण सीप्लेनवालं रिसॉर्ट घेतलं होतं, सोबत माझे आई-वडील. मुंबईहून मालेला तीन तासांच्या आत पोचतो, पण त्या दिवशी विमान अडीच तास लेट झालं. मालेला इमिग्रेशन आणि बॅगा होईपर्यंत चार वाजून गेले. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, पायलटला डोळ्यांनी दिसलं पाहिजे, त्यामुळे दुपारी साडेतीन-चारनंतर उतरणाऱ्यांना त्या दिवशी मिळेलच असं नसतं. आम्हाला नाही मिळालं. विमानतळाजवळच्या हुळुमालेत एका हॉटेलात रात्र काढली स्वतःच्या पैशाने, आणि रिसॉर्टची पहिली रात्र भरलेली होती ती गेली. एजंटने व्हाउचरवरची बारीक अक्षरातली ओळ दाखवली, त्यात लिहिलेलंच होतं. पैशाचं सोडा, पण माझे वडील सामानाच्या ट्रॉलीवर बसून होते आणि मला दर पाच मिनिटांनी विचारत होते, अगं आपल्याला नेणार ना कोणी. तो चेहरा अजून डोळ्यासमोर येतो.

म्हणून सांगते, स्पीडबोटने जाता येईल असं, मालेजवळच्या उत्तर किंवा दक्षिण माले अटोलमधलं (अटोल म्हणजे बेटांचा समूह) रिसॉर्ट बघा. विमानतळाच्या दारातच जेटी आहे, बोट रात्रीपण जाते. फक्त जुन्या माणसांना बोटीत मागच्या बाजूला बसवा, पुढे बसलं की लाटेवर आपटून आपटून कंबर आणि गुडघे दोन्ही जातात. सीप्लेनमध्ये सामानालाही मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी २० किलो बॅग आणि ५ किलो हातातलं, आणि चढायला छोटी अरुंद शिडी. नवरोबांना सांगा, सीप्लेनची फोटो फ्लाइट तिथे पोचल्यावरपण करता येते, कुठून निघते ते रिसॉर्टला विचारून घ्या.

आणि पुण्याहून निघताना आदल्या रात्रीच मुंबईला मुक्काम करा. दिवाळीच्या गर्दीत घाटात अडकलात की हातात काही राहत नाही.

समुद्र_आणि_साबुदाणा

मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते, त्यापण माळकरी, म्हणून खाण्याबद्दल सविस्तर लिहिते.

तिकडचं साधं जेवण म्हणजे मासा, तोही ट्यूना, आणि तो कुठेही असतो. सकाळच्या नाश्त्याला मस हुनी म्हणून एक पदार्थ ठेवतात. खोवलेलं ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, बघितलं की आपली खोबऱ्याची चटणीच वाटते. आमच्या सासूबाई चमचा उचलणार तेवढ्यात मी वास घेतला, त्यात ट्यूना बारीक करून घातलेला असतो. त्याच्या शेजारी रोशी असते, ती मात्र आपल्या पोळीसारखीच, मैद्याची किंवा कणकेची, तव्यावरची. आमच्या सासूबाई तीन दिवस रोशी, वरण आणि दही खाऊन आनंदात होत्या. वरण आम्ही मागून घेतलं. बुफेवर बहुतेक वेळा कोणीतरी भारतीय किंवा श्रीलंकेचा शेफ असतोच, पहिल्या दिवशी त्याला भेटा, हात जोडून नीट सांगा की मासा, मटण, अंडं काही नको, आणि कढई वेगळी ठेवा. आमच्यासाठी त्या माणसाने रोज रात्री जिऱ्याची फोडणी घालून वरण दिलं, शेवटच्या दिवशी सासूबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणून बुक करायच्या आधी मेल करून विचाराच, शुद्ध शाकाहारी स्वयंपाक वेगळा करतात का. ज्यांचं उत्तर नुसतं सॅलड आणि पास्ता असं येईल ते रिसॉर्ट सोडा.

सोबत मेतकूट, तुपाची छोटी बरणी, चिवडा, भाजलेले शेंगदाणे घ्या. खोलीत किटली असते, इन्स्टंट उपमा होतो. भात तर मिळतोच, मेतकूट-भात झाला की म्हातारी माणसं शांत.

अजून एक, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. पूजेची मूर्ती तिकडे नेता येत नाही, कस्टम अडवतं. सासूबाईंची विठोबाची छोटी पितळी मूर्ती ऐनवेळी घरीच ठेवावी लागली आणि त्यांना ते लागलं. गळ्यातल्या तुळशीच्या माळेला मात्र कोणी काही म्हणालं नाही. आईंना आधीच सांगून ठेवा म्हणजे विमानतळावर रडारड नको.

डेक्कन_जिमखाना_७०

मी स्वतः सत्तरीचा आहे म्हणून लिहितो. मालदीवचं काय कौतुक, तारकर्लीला जा, मराठी बोलणारी माणसं, घरचं जेवण, पासपोर्ट नको. माझे सासरे म्हणायचे, परक्या मुलखात आजारी पडलं की खूप एकटं वाटतं.

समुद्र_आणि_साबुदाणा

काका, तारकर्ली आम्हालापण आवडतं, पण तिथे लाट मोठी असते, आमच्या सासूबाई पायाच्या बोटांपलीकडे पाण्यात जात नव्हत्या. मालदीवमध्ये बेटाभोवती पोवळ्यांचा खडक असतो, लाट तिथेच फुटते आणि आत पाणी तळ्यासारखं. त्या छातीपर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या, आयुष्यात पहिल्यांदा. गुडघ्यावरचा भार गेला ना, म्हणाल्या, अगं दुखतच नाहीये. त्यासाठी जायचं.

औंधचा_पाणबुड्या

अगदी बरोबर. फक्त ताई, बुक करताना त्या बेटाचं लगून, म्हणजे खडकाच्या आतलं ते शांत पाणी, कसं आहे ते बघा. काही बेटांवर किनाऱ्यापासून वीस-तीस पावलांवरच खडक संपतो आणि पाणी एकदम खोल होतं, स्नॉर्केलिंगवाल्यांना ते आवडतं पण तुमच्या लेकीला आणि आईंना नाही चालणार. मोठं उथळ लगून हवं. सॅटेलाइट नकाशावर दिसतं, फिकट निळा पट्टा जेवढा रुंद तेवढं चांगलं.

वॉटर व्हिला तीन वर्षांच्या मुलीसोबत नको. बऱ्याच रिसॉर्टवर लहान मुलांना तिथे परवानगीच नसते किंवा जबाबदारी तुमची म्हणून सही घेतात. डेकवर पुरता कठडा नसतो, खाली थेट पाण्यात उतरणारी शिडी, आणि आईंना जेवायला रोज त्या लांब लाकडी पुलावरून चालावं लागेल. दोन खोल्यांचा बीच व्हिला घ्या, दार उघडलं की वाळू. नवऱ्याला सांगा, त्या वाळूत पहाटे खुर्ची टाकून बसला तर छोटे शार्क पायापाशी येतात, हातभर लांबीचे, पंखाचं टोक काळं. काही करत नाहीत, फक्त त्यांना हात लावायला जाऊ नका.

मुलाला मास्क लावून पाण्यात डोकं घालायला शिकवा. शांत राहिला तर कुरुम कुरुम आवाज येईल, पॅरटफिश खडक कुरतडत असतात, आणि ते जे मागून सोडतात त्याचीच ती पांढरी वाळू होते. माझ्या पुतण्याने हे ऐकल्यावर दोन दिवस पाण्यातून डोकं बाहेर काढलं नाही. पोवळ्याचा तुकडा मात्र आठवण म्हणून बॅगेत टाकू देऊ नका, बाहेर न्यायला बंदी आहे.

कोथरूडची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार, काका तुमचेपण. समुद्र_आणि_साबुदाणा ताई, मूर्तीचं वाचून मी आईंना लगेच सांगितलं, त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या बरं, नाम तर सोबत येईल. बाबांच्या इन्सुलिनचं काय करायचं, आणि व्हिसाचं?

पर्वती_पायथा

इन्सुलिन हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही, सोबत डॉक्टरांचं इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन. खोलीत छोटा फ्रिज असतो, फक्त फ्रीझरच्या कप्प्याला लावून ठेवू नका. वेळेकडे लक्ष द्या, मालदीव आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे, पण कितीतरी रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ एक तास पुढे ठेवतात. बाबांचं घड्याळ रिसॉर्टच्या वेळेवर लावा, फोन वेगळी वेळ दाखवू शकतो आणि जेवण-इन्सुलिनचा गोंधळ होतो. बेटावर डॉक्टर आहे का तेपण मेलमध्ये विचारा, आणि इन्शुरन्स घेताना शुगर लपवू नका.

व्हिसा भारतीयांना पोचल्यावर फुकट मिळतो. निघायच्या आधी ९६ तासांत इमुगाचा, म्हणजे मालदीव इमिग्रेशनच्या साइटवरचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, प्रत्येकाचा वेगळा, मुलांचापण. तो फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइट दिसतील तिकडे जाऊ नका. एजंटने पॅकेजवर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा इन्कम टॅक्स) कापला तर रिटर्न भरताना त्याचं क्रेडिट घ्या, आमच्या सीएने आठवण केली नसती तर राहिलंच होतं.

कोथरूडची_सून

ठरलं. फुल बोर्ड, दोन खोल्यांचा बीच व्हिला, स्पीडबोट. काल तीन रिसॉर्टना मेल टाकले, एकाचं उत्तर आलंय, शाकाहारी स्वयंपाक वेगळा करतात आणि पाणी धरलेलं आहे. नवरा जरा हिरमुसला होता, पण लगूनचा नकाशा बघताना बाबा त्याच्या खांद्यावर वाकून म्हणाले, इथे उभं राहिलं तर किती खोल रे, तेव्हापासून तोच सगळं शोधत बसलाय. एकच राहिलं, आईंना पाण्यात घालायला बूट कुठले घ्यावेत?

समुद्र_आणि_साबुदाणा

जाड रबरी तळ असलेले, मागे टाचेला धरणारे. डेकॅथलॉनमध्ये मिळतात, आईंना सोबत नेऊन घालून बघा, सकाळी नको, संध्याकाळी जा, गुडघेदुखीवाल्यांचे पाय संध्याकाळी सुजतात तेव्हाचं माप घ्या.